बोलकी चित्रे : पिंगुळीचे चित्रकथी

श्रोतेहो, रेडिओवरून चित्रांविषयी बोलायचे म्हणजे अंधारात रांगोळी दाखवण्यासारखे झाले, असे तुम्ही म्हणाल. पण आज ज्या चित्रांविषयी मी बोलणार आहे, ती नुसती डोळ्यांनी पाहायची नव्हेतच. त्यांचे निम्मे अंग कानांनी पाहावे लागते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने पिढ्यान् पिढ्या काही कला सांभाळल्या. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ आणि चित्रकथी. चित्रकथी म्हणजे चित्रे दाखवून गाण्यातून कथा सांगणारा. चितारी आणि गवई एकाच घरात, पुष्कळदा एकाच माणसात.

त्याची रीत कशी असते पाहा. पाटीपेक्षा थोड्या मोठ्या कागदावर चित्र काढायचे. माती, झाडपाला, काजळी यांतून रंग करायचे. मोठाले टपोरे डोळे, बाजूने दिसणारे चेहरे, ठसठशीत रेषा. अशी दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवायची. एका कथेच्या साधारण ३० ते ५० चित्रांच्या गठ्ठ्याला म्हणायचे पोथी. कथा रामायणातल्या, महाभारतातल्या, काही लोकांच्या तोंडी चालत आलेल्या. देवळाच्या मंडपात दिव्याच्या उजेडात चित्रकथी बसतो. जोडीला वीणा, टाळ आणि हुडूक. आधी गणपती आणि सरस्वती यांची चित्रे पुढे येतात, त्यांना नमन होते आणि मग एकेक पान उलटत कथा चालू लागते.

ही रीत आपल्या देशात फार जुनी आहे. शिक्षकमंडळींना विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ आठवत असेल. त्यात चाणक्याचा हेर यमाचे चित्रपट घेऊन गाणी म्हणत दारोदार हिंडतो. एका घरात त्याचे गाणे सुरू होते आणि आतले लहान मूल कुतूहलाने बाहेर धावते. त्याला मागे ओढताना आईच्या बोटातली अंगठी गळून पडते आणि तिथूनच सारे राजकारण फिरते. सातव्या शतकात बाणभट्टानेही ‘हर्षचरिता’त बाजारातला असा एक चित्रवाला रंगवला आहे. एका हाताने पट धरलेला, दुसऱ्या हातात बोरूची काडी, आणि भोवती पोरांचा गराडा. चित्र आणि आवाज एकत्र आले की पोर जागचे उठून येते, हे तेव्हाही ठाऊक होते.

पिंगुळीच्या चित्रकथींना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. देवळादेवळांतून त्यांच्या कथा होत. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, तो आश्रय गेला. पुढे सिनेमा आला, घरोघर दूरदर्शन आले. रात्रभर कथा ऐकायला माणूस बसेना. मग पोटासाठी पोथ्या सुट्या पानांनी विकल्या जाऊ लागल्या.

इथेच माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात मी अशा काही चित्रांचे प्रदर्शन मांडले. काचेच्या चौकटी, खाली सुबक अक्षरांत नावे. मुले आली, पाच मिनिटांत फेरी मारून गेली. कोकणातून आलेले एक वृद्ध गृहस्थ मात्र बराच वेळ उभे होते. शेवटी म्हणाले, “मास्तरानू, चित्रां बरी लावल्यात. पण आता हेंची कथा कोण सांगतलो?” मला उत्तर सुचले नाही. कारण पोथीतले एखादे पान भिंतीवर टांगले की मागचे पान तुटते, पुढचे तुटते आणि गाणे तर कुठल्याच चौकटीत मावत नाही. कागद शंभर वर्षे टिकेल. गाणे एका पिढीने गायले नाही, तर संपले.

सुदैवाने ही गोष्ट ओळखणारी माणसे पिंगुळीतच निघाली. परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये आपल्या गुरांच्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभे केले. तिथे जुनी चित्रे आणि बाहुल्या आहेत, आणि खेळ करून दाखवणारी घरची माणसेही आहेत. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मान मोठा खरा, पण गोठ्यातले गाणे चालू राहिले, हे मला त्याहून मोठे वाटते.

आता आपण काय करावे? शिक्षकांना माझी एक सूचना आहे. गावची एखादी कथा घ्या, देवळाची, विहिरीची, एखाद्या जुन्या झाडाची. मुलांकडून तिची सात-आठ चित्रे काढून घ्या. मात्र ती भिंतीवर चिकटवू नका. एका मुलाच्या मांडीवर ठेवा, दुसऱ्याच्या हाती टाळ द्या आणि कथा गाऊन सांगायला लावा. वर्गातले सर्वांत खोडकर पोरही पुढे सरकून बसेल, पाहा.

आणि खेड्यापाड्यांतल्या श्रोत्यांना एवढीच विनंती. तुमच्या गावात गाऊन कथा सांगणारा कोणी म्हातारा असेल, चित्रकथी, गोंधळी किंवा वासुदेव, तर त्याच्यापाशी एक संध्याकाळ बसा. त्याचे गाणे उतरवून घ्या, आणि जमल्यास शिकून घ्या. चित्रांची काळजी घ्यायला संग्रहालये आहेत. गाण्याला राहायला माणसाच्या गळ्यावाचून दुसरे घर नाही.