घरकामाचा वाटा

पहाटे घरातील सारी मंडळी गाढ झोपेत असतात, तेव्हा एक माणूस मात्र जागे असते. बहुधा ती आई असते. ती अंगण झाडते, पाणी भरते, दूध तापवते, कणीक भिजवते. मुले डोळे चोळीत उठतात तेव्हा केर निघालेला असतो आणि चुलीवर किंवा शेगडीवर चहाचे आधण उकळत असते. घर आपोआपच असे असते, असे मुलांना वाटते. घरकामाचा स्वभावच विचित्र आहे. ते केले तर कोणाच्या ध्यानात येत नाही. राहिले तर मात्र लगेच डोळ्यांत भरते. आई तापाने चार दिवस अंथरुणाला खिळली, की मोरीत भांड्यांचा ढीग साचतो, दांडीवर वाळलेले कपडे तसेच लोंबतात, आणि पाण्याचा माठ कधी रिकामा झाला हे कोणालाच कळत नाही.

या कामाला वेळ तरी किती लागतो? भारत सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दररोज सरासरी २८९ मिनिटे, म्हणजे पावणेपाच तासांहून थोडी अधिक, जातात असे आढळले. पुरुषांची जातात ८८ मिनिटे. आणि तीही जे पुरुष घरकाम करतात त्यांची. जे मुळीच करीत नाहीत, ते या हिशेबात धरलेलेच नाहीत. लहान मुलांचे संगोपन व आजाऱ्यांची शुश्रूषा यांचा वेळ तर याहून निराळा.

हा भेद लहानपणीच सुरू होतो. रात्रीची जेवणे आटोपली, की बहिणीला सांगितले जाते, "ताटे उचल ग," आणि भावाला सांगितले जाते, "अभ्यासाला बस." सहामाही परीक्षा दोघांचीही जवळ आलेली असते. भांडी घासून, ओटा पुसून बहीण पुस्तक उघडते, तेव्हा तिच्या डोळ्यांवर झापड आलेली असते. दुसऱ्या दिवशी वर्गात तिचे उत्तर चुकते, ते का चुकले हे गुरुजींना कसे कळावे? भावाने ताटे विसळली असती, तर तिला अर्धा तास मिळाला असता.

अशा वेळी "मी आईला मदत करतो" असे एखादा मुलगा अभिमानाने सांगतो. त्याचा हेतू चांगला असतो. परंतु मदत ही दुसऱ्याच्या कामात करावयाची असते. ज्या ताटात आपण जेवलो, ज्या अंथरुणावर आपण निजलो, ते दुसऱ्याचे कसे?

घरकामाला डोके लागत नाही, असाही एक समज आहे. ज्याने कधी विरजण लावले नाही, तोच असे म्हणेल. दूध तापवून ते कोमट होईपर्यंत थांबावे लागते. फार कढत दुधात विरजण घातले तर दही करणारे सूक्ष्म जीव मरतात. दूध अगदी थंड असले तर त्यांची वाढ होत नाही. म्हणूनच थंडीच्या दिवसांत आजी पातेल्याला फडके गुंडाळून ठेवते. नव्या तांदळाला पाणी कमी लागते, जुन्याला अधिक. फरशी पुसावयाची ती आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे. दारापासून आरंभ करणारा शेवटी कोपऱ्यात अडकतो, आणि बाहेर येताना आपल्याच पावलांचे ठसे मागे सोडतो!

पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, १९२४ ते १९३० या काळात अमळनेर येथे शिक्षक होते. तेथील छात्रालयाचा भार त्यांच्यावर होता. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांची अंथरुणे आवरणे ही कामे ते स्वतः करीत. न बोलता झाडू हाती घेणाऱ्या गुरूला पाहून मुलेही आपापली खोली आवरू लागत. त्यांच्या 'श्यामची आई' या पुस्तकात पत्रावळीची हकीगत आहे. पत्रावळ लावण्याचा श्यामला कंटाळा. परंतु आई त्याला ती शिकावयास लावतेच.

शिकविणाऱ्याजवळ मात्र धीर हवा. नवशिक्या मुलाने घासलेल्या ताटाला पहिल्या दिवशी राख किंवा साबण तसाच राहतो. झाडलेल्या खोलीत केर खाटेखाली दडतो. "राहू दे, मीच करते," असे म्हणून आईने झाडू काढून घेतला, की मुलाची सुटका होते आणि आईचे काम जन्मभर तिच्याकडेच राहते. विळी, कढत तेल, पेटती शेगडी यांपाशी मोठ्यांनी जवळ उभे राहावे. बाकी तांदूळ निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, माठ धुऊन भरणे ही कामे अकरा-बारा वर्षांच्या मुलाला सहज जमतात. पहिल्या घड्या वाकड्या होतात. चार-आठ दिवसांनी सदऱ्याच्या दोन्ही बाह्या नेमक्या जुळतात, आणि तो सदरा कपाटात ठेवण्यापूर्वी मुलगा स्वतःशीच पुन्हा एकदा पाहून घेतो.