गुडघा दुखतो, पण दोष खुब्यात

तेरा वर्षांचा मुलगा आईचा हात धरून लंगडत आमच्या वॉर्डात आला होता. तीन महिने गुडघा दुखत होता. तेल लावून चोळून झालं, हाडवैद्य झाला. गुडघ्याच्या एक्स-रेत काही निघालं नाही, तेव्हा घरचे म्हणाले, "शाळा चुकवायला नाटक करतो." डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे काढला आणि दुखणं सापडलं.

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आणि खालचं हाड यांच्यामध्ये वाढीची मऊ चकती असते. साधारण १० ते १६ या वयात, उंची झपाट्याने वाढताना, तिथून गोळा सरकू शकतो. वजन जास्त असलेल्या मुलांना धोका अधिक. थायरॉइड बिघडलेल्या सडपातळ मुलांनाही हे होतं. खुब्याच्या नसा गुडघ्याकडेही जातात, म्हणून कळ गुडघ्यात येते.

मूल लंगडतंय, चालताना पाऊल बाहेर वळतंय, जांघ, मांडी किंवा गुडघा दुखतोय, तर चोळू नका, पाय ओढू नका, चालवू नका. सरकारी रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि विचारा, "दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढायचा का?" कारण दुसरी बाजूही सरकू शकते. पाय टेकवताच येत नसेल, तर त्याच दिवशी उचलून न्या.

वेळेत स्क्रू बसवला तर गोळा आणखी सरकत नाही. उशीर झाला तर खुबा लवकर झिजतो, लंगडणं जन्माचं होतं.

आयांनो, लंगडणारं लेकरू नाटक करतंय असं आधी धरू नका. आधी तपासा.