मराठवाड्यातील शारीरिक अपंगांच्या साहाय्य-संस्था : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींना साहाय्य करणाऱ्या संस्थांचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः संस्थेच्या उद्दिष्टांकडे आणि तिने वाटलेल्या साधनांच्या संख्येकडे जाते. त्या संस्थेपर्यंत पोहोचण्यास गरजू व्यक्तीस किती अंतर तोडावे लागते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. नांदेड व लातूर या जिल्ह्यांपुरते पाहावयाचे तर हाच प्रश्न मुख्य ठरतो. ज्याचे पाय चालत नाहीत त्याच्यासाठी काढलेली संस्था जर दोन एस.टी. गाड्या बदलून गाठावी लागत असेल, तर तिच्या कार्याचे खरे स्वरूप तिच्या घटनेतील कलमांपेक्षा त्या रस्त्यावरूनच अधिक ठरते.

प्रथम संज्ञेविषयी थोडेसे. ‘पंगू’ हा जुना शब्द मागे पडून ‘अपंग’ हा शब्द शासनव्यवहारात रूढ झाला. शाळांच्या वर्गवारीत ‘अस्थिव्यंग’ ही संज्ञा आली. काही काळ ‘विकलांग’ हाही शब्द प्रचारात होता. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात ‘दिव्यांग’ या शब्दाचा पुरस्कार केल्यानंतर तो सरकारी कागदोपत्री स्थिरावला. अपंगांच्या चळवळीतील अनेकांना त्यातील दैवी सूचना रुचलेली नाही. शब्द बदलण्यास जेवढा काळ लागला त्याहून कचेऱ्यांच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधण्यास अधिक लागला, हे येथे सहज नमूद करावयास हरकत नाही. प्रस्तुत लेखात ऐतिहासिक संदर्भ ध्यानी घेऊन ‘अपंग’ हाच शब्द योजिला आहे.

२०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लक्ष अपंग व्यक्तींची नोंद झाली. हे प्रमाण एकंदर लोकसंख्येच्या २.२१ टक्के पडते. त्यांपैकी सुमारे एक-पंचमांश व्यक्तींचे अपंगत्व हालचालीसंबंधी होते. त्याच जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३.६ लक्ष व लातूर जिल्ह्याची २४.५ लक्ष होती. राष्ट्रीय प्रमाण जसेच्या तसे लावले असता नांदेडमध्ये सुमारे १५ हजार व लातूरमध्ये सुमारे ११ हजार व्यक्ती हालचालीच्या अपंगत्वाच्या निघतात. हा केवळ ढोबळ अंदाज होय. तथापि त्यातून निघणारा दुसरा आकडा अधिक बोलका आहे. दोन हजार वस्तीच्या खेड्यात याच हिशेबाने अशा व्यक्ती आठ-नऊच येतात. त्यांत एखादे पाच वर्षांचे मूल असेल, एखादी वृद्धा असेल, मळणीयंत्रात हात गमावलेला तरुण असेल. त्यांची वये, जाती व गरजा परस्परांहून भिन्न असतील. म्हणजे जिल्ह्यात संख्येने मोठा आणि गावात जवळजवळ अदृश्य, असा हा समूह आहे. त्याच्यासाठी संघटना कोणत्या प्रकारची असावी, ही अडचण येथूनच सुरू होते.

मराठवाडा १९४८ पर्यंत निझामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. या काळात वैद्यकीय संस्था हैदराबाद शहरी एकवटल्या. पश्चिम महाराष्ट्रात पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये निघाले. मुंबईत फातिमा इस्माईल यांच्या पुढाकाराने अपंग बालकांच्या पुनर्वसनाची संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली आणि हाजीअली येथे १९५५ मध्ये भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. यांपैकी एकही केंद्र नांदेडच्या रुग्णास जवळचे नव्हते. मुंबई तेथून पाचशे किलोमीटरांहून दूर. राज्यपुनर्रचनेने कचेरीचा रोख मुंबईकडे वळला, पण अस्थिरोगाचा रुग्ण पुढेही पुष्कळ काळ हैदराबादचाच रस्ता धरीत राहिला. विभागातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये क्रमाने आली : लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाई येथे १९७४ मध्ये, नांदेड येथे १९८८ मध्ये व लातूर येथे २००२ मध्ये. लातूर हा जिल्हाच मुळी १९८२ साली उस्मानाबादमधून, म्हणजे आजच्या धाराशिवमधून, वेगळा झाला. तत्पूर्वी तेथील माणसास जिल्ह्याच्या कामासाठी उस्मानाबाद गाठावे लागे.

ही उणीव किती खोल होती हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कळून आले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून लोक उशिरा निजले होते. चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद ही या हानीची मुख्य कारणे होत, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद नाही. मृतांची गणना झाली, घरांचीही झाली. भिंतीखाली सापडून जिवंत निघालेल्यांचा प्रश्न मात्र वेगळ्या स्वरूपाचा होता. हाड मोडलेला मनुष्य काही महिन्यांत उभा राहतो. ज्याचा मणका मोडून मज्जारज्जू दुखावला त्याचे कंबरेखालील चलन व संवेदना ही दोन्ही जातात, आणि पुढील आयुष्यभर त्याची त्वचा व मूत्राशय यांची निगा नियमाने राखावी लागते. अंथरुणावर दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर दाबाने जखमा होतात; त्या चिघळल्या तर जीव जातो. ही शुश्रूषा रुग्णालय शिकवू शकते, पण ती करावी लागते घरातल्या माणसांना. ज्या घरातील माणसेच गेली तेथे ती कोणी करावयाची?

पुनर्वसनाचे काम अल्प नव्हते. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या योजनेत ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली व सुमारे दोन लक्ष घरांची दुरुस्ती व मजबुती हाती घेण्यात आली. नव्या गावांतील घरांची वर्गवारी जमिनीच्या धारणेवर केलेली होती : भूमिहीन व अल्पभूधारकांस २५० चौरस फूट, मध्यम धारकांस ४०० आणि मोठ्या धारकांस ७५०. निकष जमीन हा होता. चाकाची खुर्ची वळण्यास खोलीत किती मोकळी जागा लागते, उंबरा किती उंच असावा, शौचालय घरापासून किती अंतरावर असावे, या गोष्टी त्या निकषात बसणाऱ्या नव्हत्या. नव्या गावांचे रस्ते रुंद व सरळ झाले. ही चाकांवर चालणाऱ्याच्या सोयीची बाब खरी. पण वस्ती विरळ पसरल्यामुळे शेजार लांबला, आणि हाकेच्या अंतरावरील शेजार हेच ज्याचे वाहन होते त्याची गैरसोय झाली. या निर्णयांस दोष देताना एक गोष्ट विसरता कामा नये. त्या वेळी अपंगांच्या हक्कांचा कायदाच अस्तित्वात नव्हता. समान संधी व संपूर्ण सहभाग यांसंबंधीचा अधिनियम १९९५ चा. तो अंमलात आला फेब्रुवारी १९९६ मध्ये. मराठवाड्याची सर्वांत मोठी निकड कायद्याच्या सव्वादोन वर्षे आधीच येऊन गेली होती.

भूकंपानंतर बाहेरून आलेल्या संस्थांपैकी अनेक परत गेल्या. काहींच्या कार्याने मात्र मूळ धरले. भारतीय जैन संघटनेने बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याजवळ वाघोली येथे नेली. लातूरजवळ हरंगुळ येथे जनकल्याण समितीने निवासी विद्यालय चालविले, आणि पुढे हरंगुळ येथेच सेरेब्रल पाल्सी, अर्थात मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलांसाठी ‘संवेदना’ हे केंद्र सुरू झाले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना घरबांधणीच्या कामात शासन व ग्रामस्थ यांच्यामधील दुव्याचे स्थान मिळवून दिले. त्यातून बचतगटांचे जाळे विणले गेले. अपंगांच्या संघटनेच्या दृष्टीने हा शेवटचा प्रयोग विशेष अभ्यसनीय आहे. कारण बाहेरून येणारी मदत गावातच राहणाऱ्या, रोज भेटणाऱ्या व्यक्तीच्या हाती सोपविण्याची कल्पना त्यात होती.

साहाय्यक साधनांच्या बाबतीत नेमका याच व्यक्तीचा अभाव जाणवतो. या विभागातील संस्थांचे सर्वांत परिचित कार्य म्हणजे शिबिर. जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या ठिकाणी मंडप पडतो, मापे घेतली जातात, काही आठवड्यांनी कॅलिपर, कुबड्या, तीनचाकी सायकली व कृत्रिम पाय यांचे वाटप होते. जयपूर येथे १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी सिद्ध केलेला पाय या प्रदेशास विशेष अनुरूप ठरला. त्यावर बूट न घालता शेतात चालता येते, उकिडवे बसता येते, मांडी घालता येते. शिबिरांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु साधन हे औषधाच्या पुडीसारखे एकदा देऊन संपणारे नसते. अवयव कापल्यानंतरच्या महिन्यांत उरलेला भाग आकसतो, त्यामुळे पहिल्या मापाची खोबण सैल होते व घासू लागते. वाढत्या मुलाचा कॅलिपर वर्ष-दीड वर्षात तोकडा पडतो. पावसाळ्यात काळ्या चिकणमातीचे लपके बसून तीनचाकीची चाके अडतात, साखळी गंजते. अशा वेळी दुरुस्ती कोठे करावयाची? सायकलचा कारागीर साखळी बसवून देईल. खोबण मात्र शहरातच नीट होईल. एस.टी.च्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते हे खरे, पण गाडीची पहिली पायरी सवलतीने खाली येत नाही. परिणामी न बसणारा पाय कोपऱ्यात उभा राहतो आणि मनुष्य पुन्हा हातांवर सरकू लागतो. वाटपाच्या अहवालात तो लाभार्थीच असतो. एखाद्या संस्थेचे मूल्यमापन करताना गेल्या वर्षी दिलेल्या साधनांपैकी आज किती वापरात आहेत, एवढा एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ उलगडा होईल.

आतापर्यंत पाहिलेल्या संस्था अपंगांसाठी इतरांनी चालविलेल्या आहेत. अपंगांनी स्वतः चालविलेल्या संस्थांचा प्रवाह निराळा असून तो जागतिक चळवळीशी जोडलेला आहे. १९८० मध्ये कॅनडातील विनिपेग येथे भरलेल्या पुनर्वसनतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत संघटनेच्या कारभारात अपंगांना समान वाटा देण्याची मागणी फेटाळली गेली. तेव्हा अपंग प्रतिनिधींनी वेगळी चूल मांडली व पुढील वर्षी सिंगापूर येथे त्यांची स्वतंत्र जागतिक संघटना स्थापन झाली. महाराष्ट्रात याच दशकात, १९८४ साली, कोल्हापूर येथे नसीमा हुरजूक यांनी ‘हेल्पर्स ऑफ दि हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभारली. त्या स्वतः पक्षाघाताने चाकाच्या खुर्चीवर असून नोकरी करीत होत्या. वसतिगृह, शाळा व साधननिर्मिती ही कामे तेथे अपंगांच्याच देखरेखीखाली एकत्र आली.

मराठवाड्यातील तालुकावार संघटनांची घडण अधिक विस्कळीत आहे. त्यांचे नेतृत्व पुष्कळ काळ पोलिओने पाय अधू झालेल्या पिढीकडे राहिले. या पिढीची बुद्धी व वाचा शाबूत, शिक्षण बऱ्यापैकी, आणि दूरध्वनी केंद्राच्या वाटपात अपंगांना प्राधान्य असल्याने अनेकांना बसस्थानकाजवळ बसण्याची जागा मिळालेली. अशी केंद्रे नकळत संघटनेची कचेरी बनत : प्रमाणपत्राचा अर्ज तेथे लिहून मिळे, निरोप तेथे ठेवता येई. भ्रमणध्वनी आल्यावर तो व्यवसाय बुडाला व त्याबरोबर हा बिनखर्चाचा अड्डाही गेला. भारतातील वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. ही मोठीच सिद्धी होय. तथापि संघटनांच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की जुन्या नेत्यांची जागा घेणारी पिढी त्याच मार्गाने येणार नाही. रस्त्यावरील अपघात, मधुमेहामुळे कापावा लागलेला पाय, सेरेब्रल पाल्सी ही आज अधिक नजरेत भरणारी कारणे आहेत. यांतील पहिल्या दोहोंत मनुष्य प्रौढपणी अपंग होतो व पुष्कळ दिवस स्वतःस अपंगांत गणतच नाही. तिसऱ्यात मुलाच्या वतीने आई बोलते.

बचतगटाचा मार्ग येथे सुचतो. पण साधारण गटास दहा ते वीस सदस्य लागतात आणि गावात माणसे आठ-नऊ. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने, म्हणजे महाराष्ट्रातील ‘उमेद’ने, अपंगांच्या गटासाठी किमान संख्या पाचवर आणली व त्यात पुरुषांनाही प्रवेश दिला. वरवर किरकोळ दिसणाऱ्या या सवलतीने खेड्यातील संघटना प्रथमच अंकगणितात बसू लागली.

नव्या कायद्याचा एक भाग या विभागास विशेष लागू पडतो. २०१६ च्या अधिनियमाने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले व शासकीय नोकऱ्यांतील राखीव जागा तीनवरून चार टक्क्यांवर नेल्या. चर्चा मुख्यतः याचीच होते. त्याच अधिनियमाच्या आठव्या कलमान्वये जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील अपंग व्यक्तींची तपशीलवार नोंद ठेवावी व धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करावी, असे बंधन आहे. किल्लारीचा अनुभव असलेल्या लातूरमध्ये आणि गोदावरीच्या पुराची धास्ती घेणाऱ्या नांदेडमध्ये ही नोंद म्हणजे कोऱ्या रकान्यांची वही असू नये. कोण कोणत्या खोलीत निजतो, त्याला उचलण्यास किती माणसे लागतात, त्याची खुर्ची दारातून बाहेर निघते काय, सूचना त्याला ऐकून समजते की कोणी हलवूनच उठवावे लागते, हे तपशील कचेरीत बसून कळणारे नाहीत. ते गावातील त्या पाच जणांच्या गटाला आधीच ठाऊक असतात. प्रमाणपत्र नसलेल्यांचेही, कारण जिल्हा रुग्णालयाच्या मंडळापुढे जे कधी पोहोचलेच नाहीत त्यांची घरे शेजाऱ्याला माहीत असतात, यादीला नसतात.