मूठ असलेलं विष, मूठ नसलेलं विष

यकृत परक्या रसायनांचं काय करतं याचा आढावा दारूपासून किंवा क्लोरोफॉर्मपासून सुरू करायची रीत आहे. मी टोल्युइनपासून करतो. चाळीस वर्षं छापखाने, रंगाचे कारखाने आणि चपलांच्या गाळ्यांमधून लघवीचे नमुने गोळा केले, त्यात सगळ्यात जास्त जीव याच रेणूवर जडला.

बेंझीन आणि टोल्युइन कागदावर शेजारी शेजारी काढून पाहा. फरक एवढाच, की टोल्युइनच्या षट्कोनाला एक मिथाइल गट लटकलेला असतो. यकृताच्या दृष्टीने ती मूठ आहे. एन्झाइम मूठ धरतं, कड्याला बहुतांशी हात लावत नाही. मिथाइलचं होतं बेंझाइल अल्कोहोल, त्याचं बदामाच्या वासाचं बेंझाल्डिहाइड, त्याचं बेंझॉइक आम्ल. त्याला ग्लायसिन जोडलं की हिप्युरिक आम्ल तयार, आणि मूत्रपिंडं ते झटपट बाहेर टाकतात. रसायनशास्त्रज्ञ लीबिगने १८२९ मध्ये हे नाव ठेवलं ते घोड्याच्या लघवीवरून. पुढे १८४२ मध्ये वोलरच्या प्रयोगशाळेतल्या केलर नावाच्या तरुणाने रात्री झोपताना स्वतःच बेंझॉइक आम्ल घेतलं आणि सकाळच्या लघवीतून हिप्युरिक आम्ल काढून दाखवलं. शरीर परक्या पदार्थाचं रूप पालटतं, याच्या पहिल्या पुराव्यांपैकी हा एक. मी उमेदवारी करत होतो तेव्हा आमचे सर लघवी आटवून, आम्ल टाकून, ती बर्फात ठेवायला लावायचे. तासाभराने चंचुपात्राच्या तळाशी सुयांसारखे स्फटिक दिसू लागायचे. छापखान्यातल्या मशिनमनने दिवसभर हुंगलेला टोल्युइनचा थिनर असा डोळ्यांनी पाहायला मिळे.

या चाचणीवर आक्षेप घेणारे तेव्हाही होते, आजही आहेत. ते म्हणतात, सरबतात, सॉसमध्ये सोडियम बेंझोएट असतं, चहानेही हिप्युरिक आम्ल वाढतं, तेव्हा लघवी सोडा आणि हवा मोजा. आक्षेप खरा आहे. ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या एका कामगाराचा आकडा दुप्पट आला, तेव्हा मीही गोंधळलो होतो. विचारलं तर पठ्ठ्याने पाळी सुटता सुटता नारिंगी कोल्ड्रिंकच्या दोन बाटल्या रिचवल्या होत्या. पण त्यावर उपाय साधा आहे: आधी विचारा, पाळीपूर्वीचा नमुनाही घ्या. हवेतला आकडा फक्त नाकापर्यंतचा असतो. थिनरच्या डब्यात कोपरापर्यंत हात बुडवून रोलर पुसणाऱ्याच्या कातडीतून काय आत गेलं, ते हवेचा पंप कसं सांगणार?

आता बेंझीन. त्याला मूठच नाही. मग एन्झाइम थेट कड्यावर ऑक्सिजन चढवतं. त्यातून एपॉक्साइड, फिनॉल, हायड्रोक्विनोन. हे तुकडे रक्तातून अस्थिमज्जेत पोचतात आणि तिथलं मायलोपेरॉक्सिडेज त्यांचं क्विनोन बनवतं. रक्त जिथे तयार होतं तिथेच घाव. इस्तंबूलच्या डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७४ मध्ये बेंझीनच्या चिकटद्रव्यावर काम करणाऱ्या चर्मकारांमधला रक्ताचा कर्करोग जगापुढे मांडला. एका मिथाइल गटाच्या असण्या-नसण्याने माणसाचं नशीब पालटतं.

हे सारं करणारं मुख्य एन्झाइम म्हणजे सायटोक्रोम पी-४५० कुळातलं सीवायपी २ई१. ओमुरा आणि सातो यांनी १९६२ मध्ये या कुळाला नाव दिलं. पी म्हणजे पिग्मेंट, आणि कार्बन मोनॉक्साइड जोडल्यावर ४५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं म्हणून ४५०. लीबर आणि डीकार्ली यांनी १९६८ मध्ये दारू पचवणारी यकृतातली दुसरी वाट दाखवली, तिचा कणा हेच २ई१. रोजच्या दारूने ते वाढतं, उपासानेही वाढतं. रक्तात दारू असेतो बाकीचे सॉल्व्हंट ताटकळतात. सकाळी दारू उतरली की तेच वाढलेलं एन्झाइम बेंझीनवर तुटून पडतं. कार्बन टेट्राक्लोराइड, ट्रायक्लोरोइथिलीन, हॅलोथेन यांच्यावर ग्रंथ उपलब्ध आहेत, इथे त्यांचं पाल्हाळ नको.

मेथॅनॉलवर मात्र थांबायला हवं. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत मेथॅनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसं गेली. मेथॅनॉलने स्वतः फक्त नशा येते. यकृतातलं अल्कोहोल डिहायड्रोजिनेज त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं, पुढे त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, ते डोळ्यांच्या नसा जाळतं आणि जीव घेतं. म्हणून उतारा दारूचाच: एन्झाइमला इथॅनॉल अधिक प्रिय, ते त्यात गुंतलं की मेथॅनॉल तसंच श्वासावाटे आणि लघवीवाटे निघून जातं, डायलिसिसनेही काढता येतं. फोमेपिझोल हे औषध त्या एन्झाइमचीच वाट अडवतं.

आणि आज काय चाललंय? कारखान्यात वर्षाकाठी आरोग्य शिबिर होतं, यकृताला इजा झाली का ते सांगणारं एसजीपीटी तपासतात, आकडा मर्यादेत आला की ‘फिट’चा शिक्का. बाहेर ‘लिव्हर डिटॉक्स’च्या बाटल्या खपतात, जणू यकृत म्हणजे धुऊन काढायची चाळणी. बेंझीनला आणि हेक्झेन नावाच्या सॉल्व्हंटला विषारी रूप यकृत देतं, पण भोगतात मज्जा आणि नसा. तिथे एसजीपीटी पाहणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. लघवीच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळा माझ्या डोळ्यांदेखत एकेक करून बंद झाल्या, याचं दुःख अजून जात नाही.

चपलांच्या गाळ्यातला एक कारागीर असाच ‘फिट’ ठरवला होता. बंद खोलीत बारा तास ‘सोल्युशन’ लावणारा. त्याची तक्रार एकच: चालताना चप्पल पायातून निसटते आणि निसटल्याचं कळतही नाही. सोल्युशनमध्ये हेक्झेन होतं. हेक्झेनच्या साखळीचं टोक ऑक्सिजनने पकडलं तर बिनघोर मेदाम्ल होतं. पण दुसरा आणि पाचवा कार्बन पकडला गेला की २,५-हेक्झेनडायोन होतं, आणि ते नसांच्या आतले धागे एकमेकांना चिकटवून टाकतं. लांब नसा आधी जातात, म्हणून सुरुवात पावलांपासून. लघवीत ते सापडलं. काम सोडल्यावरही तीन महिने त्याचे पाय बिघडतच गेले, कारण या विषाची ओहोटी उशिरा लागते. घरचे मला बोल लावू लागले होते. दीड वर्षाने तो जिना चढून माझ्या खोलीवर आला, तेव्हा दोन्ही चपला पायात होत्या, आणि दाराशी त्या त्याने आपण होऊन काढल्या.