खर्जाची सोबत

रायपूरच्या मालवीय रोडवरून गोल बाजारात शिरले की आधी नाकाला जाग येते. मसाले, अगरबत्ती, ओल्या फुलांचे हार, नव्या कापडाचा वास. लग्नाचा बस्ता असो वा पूजेचे साहित्य, जुन्या रायपूरकराची पावले आपसूक या बाजाराकडे वळतात. जवळच्या तात्यापाऱ्याच्या नावातच या शहरातील मराठी वस्तीची खूण आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या मुलखात मराठी घरे नांदत आली आणि गणेशोत्सव तर इथे दोन्ही भाषांचा झाला.

विसर्जनाच्या झांक्या खारून नदीकाठच्या महादेव घाटाकडे निघतात, त्या रात्री या भागात एक अनुभव हमखास येतो. मिरवणूक अजून दृष्टीस पडलेली नसते. कोणते गाणे वाजते आहे हेही कळत नाही. परंतु छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी घुमू लागते, दुकानाचे शटर बारीक थरथरते. मग धुमाल पथक कोपऱ्यावर येते, चित्रपटगीताची ओळखीची चाल ऐकू येते आणि सारे त्या चालीबरोबर डोलू लागतात. (धुमाल हे नागपूर आणि रायपूर यांचे सामाईक धन, त्यावर कोणी एकाने हक्क सांगू नये.) आधी येऊन पोचतो तो खालचा नाद. उंच स्वर भिंतींशी, गर्दीशी आणि हवेशी झुंजता झुंजता विरून जातात. खालचे स्वर मात्र भिंती ओलांडून दूरवर जातात. गंमत अशी की, दुसऱ्या दिवशी लोकांच्या ओठांवर असते ती चाल. ज्या नादाने त्यांना दुकानाच्या पायरीवर ओढून आणले, त्याची आठवण कोणालाच नसते.

हा खालचा नाद सांभाळणे हेच ज्यांनी आयुष्यभराचे काम मानले, असे वादक जगभरच्या बँडमध्ये आहेत. त्यांच्या हाती असते बेस गिटार. साध्या गिटारीला सहा तारा, हिला बहुधा चार. त्याही जाड आणि एक सप्तक खाली लावलेल्या. सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. मानवी कान 20 कंपनांच्या आसपास ऐकू लागतो, हे ध्यानी घेतले म्हणजे हा वादक ऐकू येण्याच्या किती काठावर उभा असतो ते कळते. आपल्याकडच्या रसिकाला समजावून सांगायचे तर तंबोऱ्याची खर्जाची तार आणि तबल्याचा डग्गा या दोहोंचे काम एकाच माणसाने करावे, असे हे वाद्य. तो स्वरही धरतो आणि लयही. ड्रमवाला आणि गायक यांच्यामध्ये तो पुलासारखा असतो. आणि पूल भक्कम असेपर्यंत त्याच्याकडे पाहतो कोण?

या वाद्याचा पूर्वज डबल बेस. माणसाहून उंच, उभ्याने वाजवायचा, आगगाडीतून न्यायचा म्हटले तर स्वतंत्र प्रवासी ठरावा असा. 1951 मध्ये अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी पडदे बसवलेली, खांद्याला अडकवता येणारी विजेवरची बेस गिटार बाजारात आणली आणि वादकाची पाठ मोकळी झाली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ही दोन्ही वाद्ये रुजली, ती मोठ्या प्रमाणात गोव्याच्या वादकांमुळे. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेली ही मंडळी हॉटेलांतील जॅझ बँडमधून ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत आली. तबकडीवर नाव असे संगीतकाराचे, गायकाचे, गीतकाराचे. वाद्यवृंदातील पन्नास-साठ माणसे दिवसाची बिदागी घेऊन लोकलने घरी जात. त्यात सर्वांत मागे उभा राहणारा बेसवाला आणखीच अनामिक.

त्याच्या वाट्याला आणखी एक विपरीत योग होता. रायपूर, भाटापारा, राजनांदगाव या पट्ट्यातील रेडिओप्रेम प्रसिद्ध आहे. फर्माइशीच्या कार्यक्रमांत या गावांची नावे सतत झळकत. पण ज्या छोट्या ट्रान्झिस्टरवर ही गाणी ऐकली जात, त्याच्या तळहाताएवढ्या स्पीकरला 41 कंपनांचा स्वर काढणे केवळ अशक्य. म्हणजे मुंबईत बेसवाल्याने जीव ओतून वाजवलेला मूळ स्वर पानाच्या टपरीपर्यंत पोचतच नसे. तरीही गाणे पोकळ वाटत नसे, कारण त्या स्वराचे वरचे अंश स्पीकरमधून येत आणि त्यांवरून मेंदू हरवलेला मूळ स्वर आपला आपण भरून काढी. ध्वनिशास्त्राला हे चांगले ठाऊक आहे. न पोचलेल्या कलाकाराला श्रोत्याने नकळत दिलेली ही दाद म्हणायची.

बेसवाल्याची जागा यंत्राने घ्यावी, असाही प्रयत्न झाला. जपानच्या रोलंड कंपनीने 1981 मध्ये टीबी-303 नावाची लहानशी पेटी काढली. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला मागे बेसची साथ मिळावी, हा तिचा हेतू. प्रत्यक्षात तिचा आवाज खऱ्या बेससारखा मुळीच नव्हता आणि तीन वर्षांत उत्पादन थांबले. मात्र शंकर-जयकिशन आणि राहुलदेव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांकडे वाजवलेल्या चरणजितसिंग या मुंबईच्या हरहुन्नरी वादकाने ती पेटी घेतली, तिच्यावर भैरवी आणि इतर राग बसवले आणि 1982 मध्ये दहा रागांची एक तबकडी काढली. ती फारशी खपली नाही. पुढे शिकागोच्या तरुणांनी याच पेटीतून नृत्यसंगीताचा एक नवा प्रकार घडवला आणि 2010 मध्ये ती जुनी तबकडी पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा जग चकित झाले. सत्तरीच्या चरणजितसिंगांना युरोपातून बोलावणी आली. 2015 मध्ये त्यांचे निधन झाले. उशिरा का होईना, त्यांच्या पदरात ते माप पडले.

परंतु बँडबरोबर घालवलेले आयुष्य म्हणजे काय, हे पाहायचे तर दिल्लीच्या राहुल राम यांच्याकडेच वळावे लागते. 1963 साली जन्मलेला हा माणूस सेंट स्टीफन्स, मग आयआयटी कानपूर आणि पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ अशा वाटेने गेला. पर्यावरणातील विषद्रव्ये हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय. अशी पदवी गाठीशी असलेला माणूस कुठे स्थिरावेल, याचा अंदाज कोणीही मध्यमवर्गीय पालक क्षणात बांधू शकेल. राहुल राम यांनी तो पार चुकवला. भारतात परतून ते नर्मदा खोऱ्यातील आंदोलनात दाखल झाले आणि 1990 ते 1995 ही वर्षे त्यांनी त्या कामाला दिली. हे खोरे मध्य प्रदेशाचे, गुजरातचे तसेच आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांचेही. आंदोलनाविषयी मते वेगवेगळी असू शकतात. संगीताच्या दृष्टीने पाहता, त्या डोंगरांतून आणि पाड्यांतून त्यांच्या कानी पडलेले सूर हीच त्यांची पुढची शिदोरी ठरली.

याच काळात, 1991 मध्ये, ते ‘इंडियन ओशन’ या बँडमध्ये बेसवादक म्हणून आले. गिटारवादक सुस्मित सेन आणि तबला वाजवता वाजवता गाणारे असीम चक्रवर्ती या दोघांनी तो उभा केला होता. बँडला हे नाव सुचवले सुस्मित यांच्या वडिलांनी. पुढे 1994 मध्ये ड्रमवर अमित किलम आले आणि चौकडी पुरी झाली. इंग्रजी गाण्यांच्या नकला वाजवणाऱ्या बँडना हॉटेलात काम मिळे. स्वतःचे, स्वतःच्या भाषांतले संगीत वाजवणाऱ्यांना त्या काळी विचारणारे थोडेच. महिन्याच्या एक तारखेची ज्यांना सवय आहे, त्यांनी या निर्णयातील धोका मनातल्या मनात मोजून पाहावा.

दिल्लीच्या करोलबागेतील 16/330, खजूर रोड या जुन्या घरात त्यांचा सराव चाले. चौघांनी बसून, वाजवून, वाद घालून, पुन्हा वाजवून एकेक रचना सिद्ध करायची, अशी रीत. 2000 साली आलेल्या ‘कंदिसा’ या ध्वनिफितीने त्यांना देशभर नेले. तिचे शीर्षकगीत म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतील प्राचीन प्रार्थना. तिच्या शेजारीच नर्मदेला आई म्हणणारे खोऱ्यातले लोकगीत. पाड्यावर ऐकलेले गीत महानगरांच्या सभागृहांत हजारो तरुण एका सुरात म्हणू लागले. राहुल राम स्वतः गातातही. बेस वाजवताना गाणे हे किती अवघड, ते करून पाहणाऱ्यालाच कळावे. गळा एका वाटेने चाललेला आणि बोटे दुसऱ्या, त्यात बोटे चुकली तर केवळ आपले नव्हे, सगळ्यांचेच गाणे कोसळते.

आणि मग 2009 साल उजाडले. परदेशातील एका कार्यक्रमानंतर असीम चक्रवर्ती यांना हृदयविकाराचा झटका आला; काही आठवड्यांनी, 25 डिसेंबर रोजी, दिल्लीत ते गेले. बँडमधला माणूस जातो तेव्हा जागा एक रिकामी होते, पण मोडतात त्या अनेक सवयी: कोणी श्वास घेतला की कोणी सम गाठायची, कोणाच्या मानेच्या हालचालीवर गाणे थांबवायचे. असीम यांचा आवाज नव्या गाण्यांसाठी आधीच ध्वनिमुद्रित झालेला होता. उरलेल्या तिघांनी ती गाणी सराव-घराच्या पत्त्याचेच नाव देऊन 2010 पासून दरमहा एक याप्रमाणे इंटरनेटवर विनामूल्य खुली केली. गेलेल्या मित्राचा गळा ऐकत ऐकत ती पुरी करणे, हे काम कोणत्या तयारीने होत असेल? नवे सोबती आले, हिमांशू जोशी गाऊ लागले, तुहीन चक्रवर्ती तबल्यावर बसले. 2013 मध्ये संस्थापक सुस्मित सेनही बाजूला झाले आणि त्यांच्या जागी निखिल राव आले. या साऱ्या पडझडीत खर्जाची जागा मात्र हलली नाही.

त्याच 2010 मध्ये या बँडचा सूर छत्तीसगडच्या मातीला येऊन भिडला. अनुषा रिझवी दिग्दर्शित ‘पीपली लाइव्ह’ या चित्रपटातील नत्था ही भूमिका ओंकारदास माणिकपुरी या भिलाईच्या कलावंताने केली होती. तो घडला हबीब तन्वीर यांच्या ‘नया थिएटर’मध्ये. हबीबसाहेब जन्माने रायपूरचे, 1923 सालचे, आणि शिक्षणाने नागपूरच्या मॉरिस कॉलेजचेही. नाचा शैलीतील खेडूत कलावंतांना त्यांनी 1982 मध्ये ‘चरणदास चोर’सह एडिंबरोच्या रंगमंचावर नेऊन मान मिळवून दिला. चित्रपट येण्याच्या आदल्या वर्षीच ते निवर्तले. त्यांची कन्या नगीन तन्वीर यांच्या आवाजातील छत्तीसगडी गीत त्या चित्रपटात आहे. त्याच चित्रपटात ‘इंडियन ओशन’चेही गाणे आहे आणि त्याच्या शब्दांत आपल्या इंदूरच्या स्वानंद किरकिरे यांचा हात आहे. पुढे 2015 च्या ‘मसान’मध्ये याच बँडने रचलेले रेल्वेचे गाणे किरकिरे स्वतः गायले. वाराणसीच्या घाटावरील त्या हळव्या गोष्टीत ते मराठी वाचकांच्याही मनात घर करून राहिले आहे. ते गाणे पुन्हा ऐकताना एक प्रयोग करून पाहावा. पहिल्यांदा केवळ शब्द ऐकावेत, दुसऱ्यांदा शब्द सोडून त्यांच्या खाली चाललेली जाड तार तेवढी ऐकावी. ती सापडायला वेळ लागतो, पण एकदा सापडली की कान तिला सोडत नाही.

2023 साली बँडची ‘तू है’ ही नवी ध्वनिमुद्रिका आली, तेव्हा राहुल राम साठीचे झाले होते आणि या एका बँडमधील त्यांची वर्षे तीसहून अधिक भरली होती. गोल बाजारातील एखादा दुकानदार दुपारच्या निवांत वेळी गल्ल्याशेजारी मोबाइल ठेवून जुनी गाणी लावतो, तेव्हा त्या इवल्याशा स्पीकरमधून बेसचा मूळ स्वर आजही बाहेर पडत नाही. दुकानदाराचा पाय मात्र बाकाखाली बरोबर त्याच ठेक्यावर हलत असतो.