जुन्या डिझेल स्विफ्टला ऑइल कॅच कॅन

2007 मध्ये आलेल्या डिझेल स्विफ्टचं 1248 सीसीचं इंजिन आजही दणकट चालतं. पण वय झालं की पिस्टनच्या रिंगांतून क्रँककेसमध्ये उतरणारा वायू वाढतो. हा ब्लो-बाय तेलाचे बारीक थेंब घेऊन ब्रीदर पाइपवाटे टर्बोच्या तोंडाशी पोचतो, तिथून इंटरकूलरमध्ये. पुढे इनटेक मॅनिफोल्डमध्ये एक्झॉस्टचा वायू परत आणणाऱ्या ईजीआरची काजळी त्या तेलाला भेटते आणि डांबरासारखा चिकट थर जमतो.

कॅच कॅन हा डबा बसतो तो याच ब्रीदर पाइपच्या वाटेवर. आतल्या जाळीवर तेल निथळतं, वायू पुन्हा टर्बोकडे जातो. डब्याचं दुसरं तोंड उघडं सोडायचा शॉर्टकट अजिबात नको. विषारी वाफा थेट हवेत जातात.

नळी तेल सोसणारीच हवी. साधं रबर फुगतं, मऊ पडतं. डबा टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब, हात पोचेल अशा जागी घट्ट बसवावा.

थंडीत, छोट्या फेऱ्यांनंतर डब्यात दुधाळ चहाच्या रंगाचं पाणी-तेल साचतं. ते वेळच्या वेळी काढावं. जाळी तुंबली तर क्रँककेसमध्ये दाब वाढून ऑइल सील गळू लागतात. आणि डबा भराभर भरत असेल, तर आधी कॉम्प्रेशन तपासून घ्यावं. झिजलेल्या रिंगा कॅच कॅनने दुरुस्त होत नाहीत.