समुद्रातले तेल केंद्राचे, पंपावरचा कर राज्याचा

एखाद्या राज्याची तिजोरी ज्या वस्तूवर विसंबून असते, त्या वस्तूच्या स्वभावाप्रमाणे तेथील पक्षांचे राजकारणही घडत जाते. तेलावर विसंबलेले राज्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आखाती देश येतात. फार तर आसाम किंवा गुजरात आठवतो. महाराष्ट्राचे नाव या यादीत सहसा कोणी घेत नाही. परंतु पेट्रोलियम पदार्थांवरील विक्रीकरापोटी महाराष्ट्र शासनाला 2020-21 मध्ये सुमारे 25 हजार कोटी आणि 2021-22 मध्ये सुमारे 34 हजार कोटी रुपये मिळाले, आणि दोन्ही वर्षी ही रक्कम देशातील सर्व राज्यांत अधिक होती. हे राज्य तेलावर जगते. मात्र तेलाच्या उत्पादनावर नव्हे, तर खपावर. हा फरक वरवर पाहता तांत्रिक वाटेल. पण आपल्या प्रांतिक पक्षांची भाषा, त्यांची भांडणे आणि त्यांची सोयीची मौने यांचे मूळ पुष्कळसे त्यातच आहे.

हक्क कोणाचा, वसुली कोणाची

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रतळाखाली 1974 साली तेल सापडले आणि मे 1976 मध्ये ‘बॉम्बे हाय’चे उत्पादन सुरू झाले. त्याच 1976 साली 40 व्या घटनादुरुस्तीने संविधानाचा अनुच्छेद 297 नव्या स्वरूपात आला. प्रादेशिक समुद्र, खंडान्त उतार आणि त्यापलीकडील आर्थिक क्षेत्र यांतील खनिजांची मालकी केंद्राची, हे त्याने निर्विवाद केले. गुजरात आणि आसाम यांना जमिनीवरील विहिरींची रॉयल्टी मिळते. समुद्रातील तेलाची रॉयल्टी केंद्राकडे जाते. म्हणजे तेलाची वाहिनी उतरते उरणला, शुद्धीकरणाचे कारखाने आणि त्यांचा धूर माहुल-चेंबूरला, आणि मालकीचा लाभ दिल्लीला. तेल गेले, तूप गेले आणि हाती धुपाटणे आले, असे यावर कोणी म्हणेल. वस्तुतः आपल्या हाती धुपाटणे आले नाही, पेट्रोल पंप आला.

कारण विक्रीवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांचा होता आणि 2016 च्या 101 व्या घटनादुरुस्तीनंतर, म्हणजे वस्तू व सेवा कराचा पाया घातला गेल्यावरही, पेट्रोल, डिझेल, विमानाचे इंधन, नैसर्गिक वायू आणि कच्चे तेल यांच्यापुरता तो राज्यांकडेच राहिला. 1 जुलै 2017 पासून साबणापासून सिमेंटपर्यंत सर्व वस्तूंचे दर परिषदेत ठरू लागले. राज्याला स्वतःच्या मर्जीने कमीअधिक करता येतील असे मोठे कर मोजकेच उरले, आणि त्यांत इंधन व मद्य हे प्रमुख. इंधनही या नव्या कराखाली आणावे काय, हा प्रश्न 17 सप्टेंबर 2021 रोजी लखनौच्या बैठकीत आला, तेव्हा राज्यांनी त्यास नकार दिला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या एका प्रश्नावर एकाच माळेचे मणी ठरले.

दोन प्रांतांचा अनुभव

तेल आणि प्रांतिक राजकारण यांचा संबंध पाहायचा तर कॅनडातील अल्बर्टा प्रांताकडे पाहावे. तेथे 1930 पासून भूगर्भातील संपत्ती प्रांताच्या मालकीची आहे. तेलाच्या रॉयल्टीमुळे अल्बर्टा आपल्या नागरिकांकडून प्रांतिक विक्रीकर घेत नाही. 1976 साली पुढील पिढ्यांसाठी एक वारसा निधी स्थापन झाला. पण तेलाच्या उत्पन्नातून त्यात नियमाने भर घालणे 1987 मध्ये थांबले. 1980 साली केंद्र सरकारने राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम आणताच ‘ओटावा विरुद्ध अल्बर्टा’ हा तेथील राजकारणाचा स्थायी विषय झाला. 1971 पासून 2015 पर्यंत सलग 44 वर्षे तेथे एकाच पक्षाची सत्ता होती. 2014 मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि पुढच्याच वर्षी ती सत्ता गेली. जे सरकार नागरिकाकडे पैसे मागत नाही, त्याला नागरिकही हिशेब मागत नाही, हा अर्थशास्त्रातील जुना सिद्धांत येथे प्रत्ययास आला.

आसामचा मार्ग निराळा. 1979 ते 1985 या काळातील आंदोलनाचा मुख्य प्रश्न परकीय नागरिकांचा असला, तरी बरौनीच्या कारखान्याकडे जाणारे आसामचे तेल अडविणे हे त्या आंदोलनाचे एक प्रभावी शस्त्र होते. 15 ऑगस्ट 1985 च्या करारात आसामात तेलशुद्धीकरण कारखाना उभारण्याचे आश्वासन मिळाले, त्यातून पुढे नुमालीगढचा कारखाना झाला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आसाम गण परिषद हा प्रांतिक पक्ष सत्तेवर आला.

अल्बर्टा आणि आसाम येथील पक्षांची तक्रार ही उत्पादकाची तक्रार आहे. आपल्या पक्षांची तक्रार वसुली करणाऱ्याची आहे. उत्पादक उघडपणे आपला हक्क मागू शकतो. वसुली करणारा आपल्या कराविषयी मोठ्याने बोलू शकत नाही. तो केवळ दुसऱ्या वसुली करणाऱ्याकडे बोट दाखवू शकतो.

दोन रुपये आठ पैशांची गोष्ट

याचे सर्वांत बोलके उदाहरण 2022 सालचे आहे आणि ते कोपरीच्या वाचकाला परके वाटू नये. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर 5 आणि डिझेलवर 10 रुपयांनी कमी केले. भारतीय जनता पक्षाच्या राज्य सरकारांनी आपलेही कर घटविले. महाराष्ट्रातील महाविकास आघाडीच्या सरकारने ते घटविले नाहीत. 27 एप्रिल 2022 रोजी पंतप्रधानांनी मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत महाराष्ट्रासह काही राज्यांची नावे घेऊन याचा उल्लेख केला, आणि मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी वस्तू व सेवा कराच्या थकलेल्या भरपाईकडे बोट दाखविले. मे महिन्याच्या उत्तरार्धात केंद्राने पुन्हा पेट्रोलवर 8 आणि डिझेलवर 6 रुपये कमी केले. लागलीच राज्य शासनाने जाहीर केले की आम्हीही पेट्रोलवर 2 रुपये 8 पैसे आणि डिझेलवर 1 रुपया 44 पैसे कमी करीत आहोत.

या आकड्यांपाशी वाचकांनी क्षणभर थांबावे. ठाणे आणि मुंबई येथे त्या वेळी राज्याचा कर पेट्रोलवर शेकडा 26 आणि डिझेलवर शेकडा 24 होता, आणि तो केंद्राचे शुल्क मिळवून झालेल्या किमतीवर आकारला जात होता. 8 रुपयांचे 26 टक्के म्हणजे 2 रुपये 8 पैसे. 6 रुपयांचे 24 टक्के म्हणजे 1 रुपया 44 पैसे. केंद्राचे शुल्क उतरताच राज्याचा कर आपोआप जेवढा उतरणार होता, तेवढाच तो ‘कमी’ करण्यात आला. हाच नियम उलट्या दिशेनेही चालतो. केंद्राने शुल्क 10 रुपयांनी वाढविले की राज्याच्या तिजोरीत काहीही न करता अडीच रुपये पडतात. वर केंद्राच्या दरवाढीचा निषेध करण्याची मुभा राहतेच.

30 जून 2022 रोजी सरकार बदलले. 2009 पासून कोपरी-पाचपाखाडी मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करणारे एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि 14 जुलैला मंत्रिमंडळाने पेट्रोलवर 5 व डिझेलवर 3 रुपयांची कपात मंजूर केली. ही कपात खरी होती. तिचा वार्षिक बोजा 6 हजार कोटी रुपये सांगण्यात आला. परंतु या 6 हजार कोटींसाठी कोणत्या खर्चाला कात्री लागेल किंवा कोणता दुसरा कर वाढेल, याची चर्चा क्वचितच झाली. कर वाढविताना जशी सबब पुरते, तशी तो उतरविताना घोषणा पुरते. हिशेब दोन्ही वेळी मागे राहतो.

सबबी निराळ्या, तोटी एकच

ऑक्टोबर 2015 मध्ये दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे 2 रुपये वाढले. एप्रिल 2017 मध्ये महामार्गालगतची मद्याची दुकाने बंद झाल्याने बुडालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी पेट्रोलवर 3 रुपये वाढले. त्या वेळी सत्ता भाजप-शिवसेना युतीची होती. मार्च 2020 च्या अर्थसंकल्पात पर्यावरणाच्या नावाने 1 रुपया आणि जूनपासून टाळेबंदीमुळे आणखी 2 रुपये वाढले, तेव्हा सत्ता महाविकास आघाडीची होती. दुष्काळ, मद्य, हरित निधी, महामारी ही कारणे चार, तोटी मात्र एकच. पाऊस पडल्यावर दुष्काळाचे 2 रुपये त्या नावाने परत गेले नाहीत. ते दराच्या पोटात विरघळले.

केंद्राचे वर्तन याहून अधिक निर्मळ आहे असे मात्र मुळीच नाही. फेब्रुवारी 2021 नंतर पेट्रोलवरील केंद्रीय शुल्क लिटरमागे 32 रुपये 90 पैसे होते. त्यांपैकी राज्यांशी वाटून घ्यावयाचे मूळ शुल्क अवघे 1 रुपया 40 पैसे. उरलेली सर्व रक्कम उपकर व विशेष शुल्क या नावांखाली वाटपाच्या बाहेर ठेवलेली. 1 रुपया 40 पैशांचे 41 टक्के म्हणजे सुमारे 57 पैसे सर्व राज्यांत मिळून वाटायचे. राज्ये आपली तोटी घट्ट धरून बसतात, त्यामागे हेही कारण आहे.

आणि या दोघांच्या ओढाताणीत भार कोणावर पडतो? ज्याचा आवाज क्षीण, त्याच्यावर. मार्च 2023 च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे व रायगड येथील विमान-इंधनावरील कर 25 वरून 18 टक्क्यांवर आणण्यात आला. ठाण्यात भाजीचा ट्रक ज्यावर चालतो, त्या डिझेलवर मात्र 24 टक्के कर कायम राहिला. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई येथील दर (डिझेल 24 वरून 21, पेट्रोल 26 वरून 25 टक्के) उर्वरित राज्याच्या पातळीवर आले ते जुलै 2024 पासून. विधानसभेची निवडणूक तेव्हा चार-पाच महिन्यांवर होती. कोपरीच्या वेशीवरील आनंदनगर नाक्यासह मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना पथकर माफ झाला तो 14 ऑक्टोबरच्या मध्यरात्रीपासून, आणि मतदान होते 20 नोव्हेंबरला. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण आपल्याकडे उगाच रूढ झालेली नाही.

न दिसणारा कर

ठाण्यातील एखाद्या शिक्षकाचे किंवा कारकुनाचे वेतनपत्रक घ्यावे. त्यात व्यवसाय कराचे दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये, म्हणजे वर्षाला 2,500 रुपये कापलेले दिसतात. ते दिसतात म्हणून सलतात. हाच माणूस स्कूटरसाठी महिन्याला 15 लिटर पेट्रोल घेत असेल, तर जुलै 2024 च्या दराने तो राज्याला लिटरमागे 24 ते 25 रुपयांच्या घरात, म्हणजे महिन्याला साडेतीनशेहून अधिक रुपये देत होता. केंद्राचे सुमारे तीनशे वेगळेच. व्यवसाय कराच्या दीडपटीहून मोठा असा हा कर तो भरतो आणि तो भरल्याची जाणीवही त्याला होत नाही. कारण पंपावरच्या पावतीवर दर, लिटर आणि रक्कम एवढेच छापलेले असते. रॉयल्टीवर जगणारे अल्बर्टाचे सरकार कर मागत नव्हते म्हणून उत्तरदायी नव्हते. आपले सरकार कर घेते, पण तो दिसू देत नाही, म्हणून उत्तरदायी नाही. वाटा भिन्न, मुक्काम एक.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. शिक्षकांचे वेतन, निवृत्तांचे वेतन, दवाखाने, रस्ते हे सारे याच तिजोरीतून चालते. हा कर एकदम घटविला तर ज्या वाचकांसाठी हे लिहिले आहे, त्यांच्याच शाळा-कचेऱ्यांचे अनुदान आधी अडेल. शिवाय 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या देशात इंधन स्वस्त असावे, हा आग्रहही शहाणपणाचा नव्हे. सबब मागणी कर कमी करण्याची नाही. मागणी तो दिसावा आणि त्याचा जाब देता यावा, ही आहे.

त्यासाठी तीन गोष्टी करता येतील. पहिली, प्रत्येक पावतीवर केंद्राचा व राज्याचा कर रुपया-पैशांत वेगवेगळा छापावा. यंत्रातून निघणाऱ्या पावतीला हे अवघड नाही. दुसरी, राज्याचा कर किमतीच्या टक्क्यांत न ठेवता लिटरमागे ठराविक रकमेत ठेवावा, म्हणजे केंद्राच्या दरवाढीवर राज्याला फुकटचे उत्पन्न मिळणार नाही आणि केंद्राच्या कपातीवर फुकटचे श्रेयही घेता येणार नाही. तिसरी, विशिष्ट कारणासाठी बसविलेल्या अधिभाराला मुदत असावी, आणि ती वाढवायची तर आधीच्या वसुलीचा विनियोग मांडून विधिमंडळाची संमती घ्यावी. केवळ राजपत्रातील अधिसूचनेने ते होऊ नये.

कोणत्याही पक्षाने निवडणुकीत हे मांडल्यास त्याचा तोटा होईल असे वाटत नाही. मात्र सत्तेवर आल्यावर त्याची अडचण होईल, हे खरे. म्हणूनच हे कोणी आपणहून मांडणार नाही. मतदाराला पेट्रोलचा भाव पाठ असतो, कर ठाऊक नसतो. आणि जोवर तो भावावर रागावतो आणि करावर बोलत नाही, तोवर मुंबईने दिल्लीकडे आणि दिल्लीने मुंबईकडे बोट दाखविण्याचा हा खेळ सुखेनैव चालू राहील. पुढील प्रचारात एखादा उमेदवार इंधनाच्या भावावर बोलू लागला, तर त्याला एवढेच विचारावे : आपल्या पक्षाची सत्ता असताना लिटरमागे राज्याचा कर किती रुपये होता आणि तो किती असावा असे आपले मत आहे? उत्तर रुपयांत मागावे.